खापरपणजोबा १८७६ च्या दुष्काळात आले की त्याआधीच? (वाळवा तालुका, जुने कागद)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इथं जुन्या कागदांचे जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल.

गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही, भावकी इथं वाचत असते. मला आमच्या खापरपणजोबांचा माग काढायचाय. त्यांना इथं नुसतं जोती म्हणू. आजी म्हाळाच्या दिवशी पानं वाढताना जी नावं घ्यायची तेवढीच आमच्याकडं शिल्लक आहेत. आजोबा, पणजोबा, जोती आणि जोतीचा बाप राणू. त्याच्या वर कोरं.

घरातली कथा अशी की मोठ्या दुष्काळात जोती माणदेशातून बायको आणि एक बैल घेऊन नदीच्या आशेनं खाली आले. पणजोबा तेव्हा कडेवर होते. पाटलांनी माळाला तुकडा दिला आणि तिथंच राहिले. आजी त्याला 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणायची. पणजोबांचा जन्म १८७० च्या आगेमागे धरला तर हिशोबानं १८७६-७७ चा दुष्काळ बसतो.

एक गोष्ट मात्र खटकते. आमच्याच आडनावाची मोठी भावकी गावात आहे, पण ते आमचं सुतक धरत नाहीत आणि आम्ही त्यांचं धरत नाही. 'आपण वेगळे' एवढंच म्हातारी माणसं सांगतात. वेगळे कसे, ते कुणी सांगत नाही.

कागदांत सातबारा आणि १९१४ पर्यंतचे फेरफार मिळालेत. त्यात पणजोबांचं नाव आहे. त्याच्या मागचं मागितलं की अर्जावर 'अभिलेख आढळून येत नाही' असा शिक्का. आता पुढं कुठं हात घालू?

कट्ट्यावरचा
कुणबी दाखला काढायचाय का? सरळ सांगा की राव, सगळे त्याच रांगेत आहेत 😀

कृष्णाकाठ
नाही भाऊ. पोरांची शिक्षणं झाली, नोकऱ्या लागल्या. मला फक्त माणूस कुठला ते पाहिजे.

सातबारा
कृष्णाकाठ, मी महसुलात होतो, आता निवृत्त. तुम्ही फेरफारावर थांबलात तिथंच बहुतेक लोक थांबतात. हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा आणि गावोगाव ती लागू होईपर्यंत १९१० च्या पुढची सालं उजाडली. त्यामुळे फेरफार त्याच्या मागं जाणारच नाहीत. तलाठ्याकडं किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात हेलपाटे घालून उपयोग नाही.

तुमचं पुढचं दार भूमी अभिलेखचं, म्हणजे जुन्या भाषेत मोजणी ऑफिस. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि त्यानंतर इंग्रजांनी शेतवार मोजणी लावली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापुरापासून जी पद्धत बसवली, तीच इकडं आणली. प्रत्येक नंबराला धोंडे रोवले, जमिनीची प्रत आण्यांत लावली, आकार ठरवला आणि नंबर कुणाच्या कब्जात आहे ते लिहिलं. त्या पहिल्या मोजणीच्या वहीला 'उल्ला प्रतिबुक' म्हणतात. ठराव ३० वर्षांचा असायचा, मग पुन्हा पाहणी झाली, तिचं 'रिव्हिजन प्रतिबुक'. शिवाय शेतवार पत्रक, पक्काबुक आणि क्लासर रजिस्टर.

अर्ज लिहिताना 'आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी' असं लिहू नका. कारकून तो अर्ज बाजूला सारतो, त्यात त्याची चूक नाही, त्याला शोधायचं काय तेच कळत नाही. 'मौजे अमुक, जुना सर्व्हे नंबर तमुक, उल्ला प्रतिबुकाची प्रमाणित नक्कल' असं लिहा. त्यासाठी आजच्या गटावरून जुना सर्व्हे नंबर काढावा लागेल. तुमच्याकडं जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं असणार. त्या योजनेच्या पत्रकात गटासमोर जुने नंबर असतात.

माणसाच्या नावानं शोधू नका, जमिनीच्या नंबरानं शोधा. आडनाव त्या काळच्या कागदात बहुतेक नसतंच.

मोडीवाली
सातबारा काकांना दुजोरा. आणि ते बुक हातात आलं तर मोडीत असेल, हे मनाशी धरून चला.

१८६० च्या कागदात तुम्हाला 'जोती बिन राणू' एवढंच दिसेल. बिन म्हणजे मुलगा. फार तर पुढं जात किंवा पाटील, सुतार असं काही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, एका ओळीत सगळं सलग असतं. राणूचा 'रानू', 'राणो' काहीही वाचलं जाऊ शकतं. आणि हो, जोती हे बाप्याचं नाव आहे हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. एका घरात तर खापरपणजोबांचं नाव वंशावळीतून गाळलं होतं, 'ही कोण बाई मधेच' म्हणून.

सालांचं सांगते. महसुली कागदात फसली सन असतो, त्यात ५९० मिळवा की इसवी सन येतो. फसली १२७० म्हणजे १८६०-६१. त्याहून जुना, छत्रपतींच्या वेळचा कागद हाती लागला तर शुहूर सन असेल आणि तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. 'इसन्ने अर्बैन मयातैन व अलफ' म्हणजे दोन, चाळीस, दोनशे आणि हजार, १२४२. त्यात ५९९ मिळवा, १८४१. दोन्ही सनांचं वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगानंतरचा महिना आणि पौष-माघातला महिना यांचा इसवी सन वेगळा येतो.

फोटो टाका, वाचून देईन. पैसे वगैरे काही नको. फक्त मोबाइल कागदाच्या बरोब्बर वर धरा, तिरका नको, आणि फ्लॅश बंद.

माणदेशी
मी आटपाडीकडचा. धागा बघून राहवलं नाही. तुमचं कुलदैवत कुठलं? माणदेशातलं घर असेल तर म्हसवडचा सिद्धनाथ किंवा शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव निघायला पायजे. खरसुंडीचा सिद्धनाथ पण चालंल. गाव सुटतं, आडनाव बदलतं, पर देव कुणी टाकत न्हाई.

आन् दुर्गादेवीचं म्हणाल तर तो दुष्काळ १३९६ चा. आमच्याकडं पण म्हातारी माणसं कुठल्याबी दुष्काळाला दुर्गादेवीचाच म्हणतात. त्यावरून साल धरू नका. १८७६ चा आमच्याकडं जबर होता हे मात्र खरं. माण, खटाव, खानापूर आन् तासगावची वरची अंगं, समदी माणसं खाली उतरली. त्यामुळं कृष्णाकाठच्या निम्म्या घरांत 'आम्ही दुष्काळात आलो' हीच कथा असते. काहींची खरी असंल.

कृष्णाकाठ
कुलदैवत जोतिबा, वाडी रत्नागिरीचा. चैत्रात दरसाल जातो. देव्हाऱ्यात जोतिबाचा टाक आहे, शेजारी एक घोड्यावरचा आहे तो कुणाचा ते माहीत नाही. सिद्धनाथाचं आमच्याकडं काहीच नाही.

माणदेशी
मग तुम्ही माणदेशातले नव्हं. पैज लावतो.

अक्कलकाढा
जोतिबा सातारा, सांगली, कोल्हापुरातल्या शेकडो घरांचा देव आहे. त्यावरून 'माणदेशातले नव्हं' हे ठरत नाही आणि १८७६ खोटं आहे हेही ठरत नाही. इथं लोक देव आणि देवक यावरून एवढी मोठी उडी मारतात की विचारू नका. कागद येऊ द्या.

कट्ट्यावरचा
कागद आला की म्हणणार कागद खोटा 😀 बरं ते जाऊ दे. मागं प्रत्येक जिल्ह्याच्या संकेतस्थळावर जुन्या नोंदींची स्कॅन टाकलीत ना, तिथं बघितलं का? फुकट आहे.

सातबारा
चांगली आठवण केली. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा सगळ्या खात्यांनी जुनी दप्तरं उघडली. त्या धांदलीत कितीतरी वर्षं कुणी न सोडलेले रुमाल (कागदांची गाठोडी) सुटले. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची वही, शाळांची जनरल रजिस्टरं, खरेदीखतं, सगळं थोडंफार बाहेर आलं. पण स्कॅन त्याच पानांची चढवली ज्यांवर त्यांना हवी ती नोंद होती. तुमचं पान त्यात नसलं तर ते कार्यालयातच आहे असं समजा.

कोतवाल बुकात मेलेल्याचं वय आणि कारण असतं. जोती कधी वारले ते अंदाजानं माहीत आहे का? त्या सालाच्या आसपासची पानं बघा. वय 'सुमारे' असतं, कोतवालानं नजरेनं ठरवलेलं, त्यामुळे ६० आणि ७५ यांत फार फरक मानू नका.

कुणीतरी_सांगलीकर
दाखल्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे जे चाललंय ते सरळ सरळ...

धागा संपादक
वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. आरक्षणावर वेगळा धागा चालू आहे, तिकडे बोला. इथे जोतीबद्दल.

सातासमुद्र
मुद्दा थोडा बाजूचा आहे. जोतीला भाऊ होता का, असा कुणी जो 'निघून गेला तो परत आलाच नाही'? मी मॉरिशसला काही वर्षं कामानिमित्त होतो. तिथले मराठी लोक रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातून मुंबई बंदरावरून उसाच्या मळ्यांवर गिरमिटात, म्हणजे करारावरच्या मजुरीत, गेलेले. १८३४ पासून माणसं नेणं सुरू झालं. त्यांची नोंदणी पुस्तकं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येकाला नंबर. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव. पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. आपल्याकडं त्या काळच्या गरीब कुणब्याची एवढी माहिती कुठल्याच दप्तरात सापडत नाही. तिथले लोक तो उतारा घेऊन सातारा जिल्ह्यात गाव शोधत येतात आणि इकडं गावच्या नावाचं स्पेलिंग लागत नाही म्हणून अडतात.

कृष्णाकाठ
भावाबद्दल काही ऐकलेलं नाही. पण ही माहिती भारी आहे.

वारणाखोरं
मी शिराळ्याकडचा. एक विचारतो, तुमच्याकडं वंशावळ वाचणारा हेळवी येतो का?

कृष्णाकाठ
मोठ्या भावकीकडं येतो, बैल घेऊन. आमच्या दारात येत नाही. आजोबा म्हणायचे, 'आपला हेळवी वेगळा, तो इकडं वाट चुकला.'

वारणाखोरं
हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहायला पाहिजे होतं. हेळव्यांच्या घरांनी गावं आणि कुळं वाटून घेतलेली असतात. बेळगावकडची माणसं, सुगी झाली की फिरतात, मराठी-कानडी दोन्ही बोलतात. ज्या कुळाची वही त्यांच्याकडं, त्याच दारात उभे राहतात. तो मोठ्या भावकीकडं येतो आणि तुमच्याकडं येत नाही, याचा अर्थ त्याच्या वहीत तुम्ही नाही. तुमचं कूळ दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत आहे.

अक्कलकाढा
किंवा कुणाच्याच वहीत नाही.

वारणाखोरं
तेही होऊ शकतं. पण आजोबांचं वाक्य ऐका ना साहेब.

कृष्णाकाठ
मंडळी, बातमी आहे. एकत्रीकरणाच्या पत्रकावरून आमच्या माळाच्या शेताचा जुना सर्व्हे नंबर निघाला. त्या नंबराच्या उल्ला प्रतिबुकाची नक्कल मिळाली. पहिल्या वेळी 'जीर्ण असल्याने देता येत नाही' म्हणाले. सातबारा काकांनी निरोपात सांगितल्याप्रमाणे, जीर्ण असेल तर समक्ष पाहणी करू द्या असा अर्ज केला, आणि समोर पान उघडल्यावर ते चांगलं धडधाकट निघालं. फोटो जोडला आहे. मोडीवाली ताई, बघा ना.

मोडीवाली
बघितला. कडा वाळवीनं खाल्लीय, पण मजकूर स्वच्छ आहे. लिहिणाऱ्याचं वळण सुरेख आहे, अशी अक्षरं वाचायला सुख वाटतं.

तुमच्या नंबराच्या ओळीत कब्जेदार 'जोती बिन राणू'. जमीन जिराईत, माळ, प्रत तीन आणे. पानाच्या डोक्याला फसली १२७१. म्हणजे १८६१-६२.

माणदेशी
आलं का!! दुष्काळाच्या १५ वर्षं आधी माणूस गावात बसलेला हाय, त्याच्या नावावर नंबर हाय.

अक्कलकाढा
थांबा. 'जोती बिन राणू' नावाची त्या गावात दुसरी व्यक्ती नव्हती कशावरून? त्या काळी प्रत्येक गावात जोती, राणू, सटवा, येसू यांचा सुकाळ होता. फक्त नाव जुळलं म्हणून पणजोबा जोडता येत नाही.

सातबारा
प्रश्न रास्त आहे, उत्तरही सोपं आहे. नाव नाही, नंबर जुळवायचा. १८६१ ला हा नंबर जोतीच्या कब्जात. १९१४ च्या फेरफारात तोच नंबर पणजोबांच्या नावे, 'वडिलार्जित' असा शेरा. मधल्या रिव्हिजन प्रतिबुकात त्या नंबरावर कोण आहे ते बघा. तिथं जोती किंवा त्याचा मुलगा निघाला तर साखळी पुरी झाली.

कृष्णाकाठ
काका, तेही पान घेतलं होतं, फोटो तेवढा टाकायचा राहिला. रिव्हिजनला कब्जेदार पणजोबांचं नाव, 'बिन जोती'.

अक्कलकाढा
मग मान्य. १८७६ ची कथा गेली.

माणदेशी
पैज जिंकल्याबद्दल मला एक भेळ.

कट्ट्यावरचा
'माणदेशातले नव्हं' हे अजून कुठं सिद्ध झालंय? भेळ रोखून ठेवा.

मोडीवाली
कट्ट्यावरचा यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. कधी आले ते कळलं, कुठून ते नाही. तीन आण्याची माळजमीन परगावचा माणूससुद्धा कब्जात घेऊ शकत होता, सारा भरला की झालं. पण माळाच्या तीन आण्यांवर घर चालत नाही. तुमच्या घराकडं नदीकाठची जमीन आहे का?

कृष्णाकाठ
आहे, मळी आहे थोडी. उसाची. आमची सगळ्यात चांगली जमीन तीच.

मोडीवाली
तिच्या नंबराला उल्ला प्रतिबुकात कोण आहे?

कृष्णाकाठ
त्या नंबरावर जोती नाहीत. दुसरंच कुणीतरी आहे, आणि मोठ्या भावकीतल्या माणसांनी ते नाव ऐकून 'हे आमच्यातले' असं सांगितलं.

सातबारा
मग ती जमीन १८६१ नंतर आणि १९१४ च्या आधी तुमच्याकडं आली. खरेदी, गहाण, बक्षीस यांतलं काहीतरी झालं असणार. आता मोजणी ऑफिस सोडा आणि दस्त नोंदणीकडं जा.

तुमचं नशीब असं की सातारा जिल्ह्याला १८७९ चा शेतकरी कायदा लागू होता. पुण्याकडं सुप्याला १८७५ मध्ये सावकारांवर दंगे झाले, तुमच्या शेजारी कुकरुडलाही त्याच वर्षी झाला. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी हा कायदा आला. शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला पाहिजे असं बंधन होतं. सावकारानं परस्पर काहीही लिहून अंगठा घेऊ नये म्हणून. त्याचा फायदा आपल्याला असा की त्या वेळच्या दस्तांत कोण, कुणाचा, राहणार कुठला, धंदा काय, हे नीट विचारून लिहिलेलं असतं.

सूची मागा. नावाच्या सूचीपेक्षा मिळकतीची सूची बरी, गाववार असते. आणि एक लक्षात ठेवा. वाळवा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा झाला, त्याचं १९६० मध्ये सांगली असं नामकरण झालं. त्यामुळे जुनी पुस्तकं सांगलीत नसली तर साताऱ्यात विचारा. एकीकडं 'नाही' म्हणाले म्हणून सोडून देऊ नका.

कृष्णाकाठ
उशीर झाला त्याबद्दल क्षमा, लावणी चालू होती. दस्त मिळाला. कुठल्या कार्यालयात आणि किती चकरा, ते सोडून द्या. कारण तिथल्या एका मॅडमनीच शेवटी जुन्या कपाटातून पुस्तक काढून दिलं, आणि आधीच्या सगळ्यांचा राग निवला. मोडीवाली ताईंनी वाचून दिलंय, त्याच टाकतील.

मोडीवाली
हा घ्या गोषवारा. नावं गाळते, कृष्णाकाठ यांची तशी इच्छा आहे.

शके १८०८, व्ययनाम संवत्सर, म्हणजे १८८६. बक्षीसपत्र. करून देणारी एक विधवा बाई, वय सुमारे ७०, मोठ्या भावकीच्या घरची. करून घेणारी तिची मुलगी, 'भ्रतार जोती बिन राणू'. जमीन मळीची, चतु:सीमा दिली आहे, पूर्वेस कृष्णा नदी. मजकुरात बाई म्हणते की मला पोटी पुत्रसंतान नाही, माझा जावई जोती हा 'मूळ राहणार' अमुक गाव, पेटा शिराळा, 'हल्ली वस्ती मौजे मजकूर', आज तीस वर्षे माझे घरी राहून माझा सांभाळ करीत आहे, सबब चोळीबांगडीदाखल ही जमीन मुलीस देत आहे. पुढं दोन पुतण्यांची संमती.

सह्यांच्या जागी बाईची निशाणी बांगडी. गोल काढलाय, पुरता मिटलेला नाही, हात थरथरला असावा. दोघा पुतण्यांची निशाणी नांगर. एकाचा नांगर चार रेघांत उरकलेला, दुसऱ्यानं रुमणंसुद्धा काढलंय. खाली कुलकर्ण्याचा दस्तूर.

वारणाखोरं
घरजावई!

माणदेशी
आन् पेटा शिराळा. जोतिबाच्या डोंगराकडचं अंग. आता भेळ द्या.

सातबारा
पेटा शिराळा त्या वेळी वाळवा तालुक्याखालीच होता, महालकऱ्याची कचेरी होती. म्हणजे जोती तालुक्यातल्या तालुक्यात आले, वारणेवरून कृष्णेवर. तीस वर्षं मागं गेलो तर १८५६ च्या आसपास. प्रतिबुकाशी बरोबर जुळतं.

कृष्णाकाठ
आणि आडनावाचंही सुटलं. गावानं त्यांना सासरच्या आडनावानं ओळखलं, कागदात आडनाव नव्हतंच, शाळेचं रजिस्टर आलं तेव्हा मास्तरांनी गाव जे म्हणतं ते लिहिलं. म्हणून आडनाव एक आणि सुतक वेगळं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'म्हणजे आपण लेकीच्या वाटणीवर बसलोय,' आणि हसायला लागली. वडिलांना मात्र घरजावई हा शब्द फारसा रुचलेला नाही. ते अजून 'दुष्काळाचं पण काहीतरी असणारच' म्हणतात.

अक्कलकाढा
दुष्काळाची कथा कुठून चिकटली याचा माझा अंदाज सांगू? घरजावई म्हणून घेण्यापेक्षा दुष्काळानं आणलं म्हणणं सोपं. पुढच्या पिढीनं सोयीचं ते ठेवलं. अर्थात हा अंदाज आहे, कागद नाही.

मोडीवाली
चक्क अंदाज! नोंद करून ठेवा रे कुणीतरी.

कृष्णाकाठ
आता अडलंय ते मूळ गावापाशी. दस्तातलं नाव वारणाखोरं यांना निरोपात पाठवलं होतं.

वारणाखोरं
हो. ते गाव आता जागेवर नाही. चांदोलीच्या धरणाखाली गेलं. पण घाबरू नका, गाव गेलं म्हणजे माणसं गेली नाहीत. त्या खोऱ्यातल्या गावांचं पुनर्वसन सांगली-कोल्हापुरात ठिकठिकाणी झालं, आणि या गावाची एक वसाहत तुमच्याच तालुक्यात आहे. तुमच्या गावापासून दुचाकीवर अर्धा तास. देव बरोबर आणलेत, देऊळ बांधलंय. माझी चुलत मावशी तिथं दिली आहे.

तिला फोन केला. त्यांच्याकडं हेळवी अजून येतो, गाव हलल्यावरही शोधत आला म्हणाली. यंदा सुगी झाली की यायचा आहे.

कृष्णाकाठ
काय बोलू! मी आधी जाऊन वसाहतीतल्या जुन्या माणसांना भेटू का, की हेळवी येईल तेव्हाच जाऊ?

वारणाखोरं
आधी एकदा जाऊन या, ओळख होऊ द्या. मावशीचा नंबर निरोपात टाकतो. सोमवारी नको, बाजारामुळं घरात कुणी नसतं. आणि जाताना दस्ताची नक्कल न्या, पण सगळ्यांच्या हातात देऊ नका, झेरॉक्स न्या.

अक्कलकाढा
हेळव्यासमोर मात्र जोती आणि राणू ही नावं आधी उच्चारू नका. दस्त दाखवू नका. त्याला फक्त गाव आणि देव सांगा आणि वही वाचू द्या. त्याच्या वाचण्यात राणूला जोती नावाचा मुलगा आपणहून आला तर ते खरं. आपण नाव पुरवलं की कुठल्याही वहीत सापडतं.

माणदेशी
हे बाकी लाख बोललात. आन् बिदागी आधी ठरवू नका. धान्य, एखादं धोतर-पागोटं आन् वर जमंल ते. त्यो काय मागंल त्यात घासाघीस करू नका, दीडशे वर्षांची बाकी हाय तुमच्याकडं.

सातबारा
ध्वनिमुद्रण करायचं तर त्याला विचारून करा. आणि राणूच्या वरचं जे नाव निघेल ते इथं कळवा. छत्रपतींच्या वेळचं सातारचं दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्या गावचा रुमाल मागायचा तर नाव आणि साल, दोन्ही हाताशी असलेलं बरं. तोवर मी त्या गावाचा परगणा कुठला लागायचा ते बघून ठेवतो.

कृष्णाकाठ
ठरलं. मंगळवारी जातो. वडील पण येतो म्हणालेत.